इंजिन बसू द्यायचं न्हाई

कुंडल, ४ ऑगस्ट २०२५

राजू बाळा,

सगळ्यात आधी टपकली ती रंगू. बोलावलं कुनी न्हवतं. पावनं अजून पलूसातबी पोचलं नसतील, तवर ही पदराला हात पुशीत दारात हुबी. म्हनली, "मने, विमान बघाय मानसं येनार म्हनं? म्हटलं तू येकटी बाईमानूस, सोबत पायजे." सोबत कसली आलीया! तिला बघायचं हुतं, विमान बघाय येनारी मानसं दिसत्यात कशी. मागं तिच्या नातीला बघाय आल्ते तवा मीबी न बोलवता जाऊन बसल्ते, त्येची फेड केली तिनं. बस म्हटलं. लसूण दिला सोलाय.

तर पावनं आलं. पांढऱ्या गाडीतनं दोघंजन. येक सुमंत साहेब, तुझ्या त्या शिकवायच्या क्लबातलं इंजिनेर. किडकिडीत मानूस, चष्मा नाकावर घसरलेला. आन येक पोरगी, भार्गवी नावाची. केस कापल्यालं, पर गुनाची हाय. म्हनली, "आजी, मला राजवर्धन सरांनी शिकवलं, ह्याच विमानात." माझ्या पाया पडली. रंगूनं लगीच इचारलं, लगीन झालं का? ती हसून म्हनली, "नाही आजी, अजून तास भरायचेत." रंगू म्हनली, "आमच्यात मुहूर्त बघत्यात, तुमच्यात तास भरत्यात व्हय?" मग पोरीनं समजून सांगितलं, की किती तास उडवलं ह्येच्यावर त्यांचं सगळं ठरतं. बरं म्हटलं.

गुऱ्हाळाच्या शेडात घिऊन गेले. साहेबानं दारात बूट काढलं बग. मला लय बरं वाटलं. आता तितं गूळ शिजत न्हाई, पर जागा ती जागाच की.

खरसुंडीच्या बाजारात तुझा आबा बैल बघायचा, हुबेहूब तसंच बघितलं साहेबानं. शिंगं, खूर, दात, शेपूट. पोटाखाली वाकून बघितलं, पाचटावर ठिवलेल्या पंखांवर बोटानं टकटक करून कान लावला. मी म्हटलं, वय झालंय त्येचं, माझ्या राजूयेवढं हाय. तर म्हनलं, "आजी, आम्ही वय बघत नाही. किती तास उडलं, कधी आपटलं का, कुठं ठेवलं होतं, आणि इंजिन उघडून नवं केल्यावर किती चाललं, हे बघतो." मी म्हटलं, मग मानसाचंबी असंच धरा की साहेब, माझं वय सोडून द्या, भाकरी किती थापल्या त्या मोजा. लय हसले. कागद मागितलं, ते आबाच्या ट्रंकेतनं काढून दिलं. येकबी पान हललं न्हवतं. खूश झाले. भार्गवीला म्हनले, "एवढं स्वच्छ विमान बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही." मी कान तेवढ्यापुरतं टवकारलं हुतं, ऐकलं बरुबर.

मग चहा दिला. मी म्हटलं, साहेब, इंजिनाची तर काळजीच करू नगा. रोज सकाळी दिवा लावून झाला, की मी म्होरला पंखा सोताच्या हातानं फिरवते. बसू दिलं न्हाई इंजिन. साहेबाचा कप तसाच हातात ऱ्हायला. बशीत सांडला चहा. कौतिक वाटलं त्यास्नी.

मग येक बारीक नळी काढली, म्होरं दिवा असल्याली. दवाखान्यात मानसाच्या पोटात घालत्यात तसली. ती इंजिनाच्या भोकातनं आत सोडली आन हातातल्या पाटीवर आतलं सगळं दिसाय लागलं. मी आन रंगू दोघी वाकलो. काय रंग रे आतला! काकवी उकळाय लागली की काईलीच्या कडंला तांबूस यतो बग, तसला. सगळ्या भिताडावर. रंगू म्हनली, "मने, आतनं सोन्याचा मुलामा हाय की गं!" साहेबानं नळी फिरवून हिकडनं बघितलं, तिकडनं बघितलं. भार्गवी भाईर जाऊन उसाकडं तोंड करून हुबी ऱ्हायली. डोळं पुसत हुती. शिकल्याली पोरगी, विमानावर माया असनारच.

जेवून गेले. झुनका, भाकरी, दही. साहेबानं भाकरी आर्धीच खाल्ली, शहरातली मानसं. पंधरा दिसात कळवतो म्हनलेत.

फोन करू नगं. मला त्यात काय ऐकू येत न्हाई, मी निसतं व्हय व्हय म्हनते आन अंकिता तिकडं वरडून वरडून बेजार हुती. लिहीत जा. आन खोलीत बसून ऱ्हाऊ नगं. आबा म्हनायचा, इंजिन आन मानूस, दोनीबी बसू द्यायचं न्हाई.

तुझी आजी, मनुबाई


सातारा, ९ ऑगस्ट २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र राखीच्या आदल्या दिवशी आलं. अंकिताने मोठ्याने वाचून दाखवलं. रंगूआजीच्या मुहूर्ताशी आल्यावर मी हसलो, तर अंकिता वाचायची थांबून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दादा, किती दिवसांनी!" आज तिने राखी बांधली, मी तिला कंदी पेढे दिले, तेही तिनेच आणून ठेवलेले. एकट्याने रस्ता ओलांडायला मला अजून कुणी सोडत नाही.

आजी, एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मोडली तर उगाच वाईट वाटेल म्हणून. आता सांगतो.

मला फिट आली तेव्हा माझं उडवणं संपलं, ते कायमचं. डॉक्टर सही देणार नाहीत आणि सरकार परवाना देणार नाही. त्याबद्दल मी आता बोलत नाही. पण क्लबाला एक विमान हवंय आणि त्यांनी मला निरोप दिलाय, की तुमचं विमान उडण्याजोगं निघालं तर विमानाबरोबर तुम्हालाही घेऊ. वर्गात शिकवायचं, आणि रोज सकाळी उडण्याआधी त्याची तपासणी करायची. चाकात हवा, पंखात पेट्रोल, तेल किती आहे, एवढंच काम. मी जमिनीवरच राहणार. पण ते चालू होताना मी तिथं उभा असेन. मला दुसरं काही नको आजी.

म्हणून त्यांनी काय पाहिलं, काय म्हणाले, हे तुझ्या पत्रात मी पुन्हा पुन्हा वाचतोय. रंग उडालाय, सीटा फाटल्यात, त्याने काही बिघडत नाही. त्या विमानाची खरी किंमत त्याच्या इंजिनात आहे. आजारी पडायच्या थोडंच आधी मी ते पूर्ण उघडून नवं करून घेतलं होतं. जवळजवळ न वापरलेलं आहे ते.

आता एकच विचारतो. पंखा फिरवतेस असं लिहिलंस. ते कधीमधी, सणासुदीला, असंच ना? साहेबांना बोलायच्या भरात 'रोज' म्हणालीस ना? आणि दवाखान्यात जायच्या आधी मी पंख्याला लाल फडकं बांधलं होतं, ते तसंच आहे ना?

लगेच कळव.

तुझा, राजवर्धन


कुंडल, १६ ऑगस्ट २०२५

राजू बाळा,

सणासुदीला व्हय? आरं खुळ्या, रोज म्हंजी रोज. आजीच्या तोंडातनं वाकडं तिकडं निघतं, पर खोटं न्हाई निघत.

तुझं पत्र वाचून मी देवाम्होरं साखर ठिवली. विमानासंगं तुलाबी नेनार! ह्ये मला आधी न्हाई सांगितलंस व्हय? रंगूला सांगितलं तर ती म्हनली, "म्हंजी गाईसंगं वासरू." म्हटलं तसं न्हवं, वासरासंगं गाय. मग दोघी भांडलो, कोन गाय आन कोन वासरू. निकाल लागला न्हाई.

आता तुला सगळं बैजवार सांगते, म्हंजी तुझा जीव निवांत हुईल.

विमान त्या लांबड्या ट्रकातनं आलं तवा तू सांगलीच्या दवाखान्यात पडल्याला. शेडात त्येला ठिवलं, पंख काढून शेजारी टाकल्यालं. मला काय त्ये बघवंना. तुझ्याकडं मला आत सोडत न्हवते, मग मी त्येच्याकडं जाऊन बसाय लागले. तुझ्याशी बोलायचं ते त्येच्याशी बोलायची. आन येक दिस मला आबाची आठवन झाली. हिरीवरचं डिझेल इंजिन आठवतं का तुला? पावसाळ्यात पानी द्यायचं नसायचं, चार म्हयनं बंद. तवा आबा रोज सकाळी छत्री घिऊन मळ्यात जायचा, हँडल घालून चार हात फिरवायचा आन माघारी यायचा. लोक हसायची. पर शेजारच्या मळ्यातलं इंजिन आकडून बसायचं, आमचं कवा बसलं न्हाई.

मग म्हटलं, ह्येचंबी इंजिनच की. हँडल न्हाई, पर पंखा हाय.

तुझं लाल फडकं मी पहिल्याच दिशी सोडलं. किती छान गाठ मारल्याली. मला लगीच कळलं, तू आजारात देवाला काय बोलला असशील म्हनून बांधलं असनार. मग ते पंख्यावर धुळीत कशाला? धुऊन देव्हाऱ्यात ठिवलंय, खंडोबाच्या मागं. सोवळ्यात हाय, काळजी नगं.

तर रोज असं करते. अंघूळ, देव, तुळस, मग शेड. उदबत्ती लावते, पंख्याला हळदकुकू, आन मग जात्याला बसल्यासारखं दोनी हातानं धरून फिरवते. सुरवातीला लय जड जायचं. वाईच फिरला की आडायचा, आतनं उसासा टाकल्यासारखा आवाज यायचा. मला वाटायचं, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. पर सोडलं न्हाई. आन आता बग, आता कसा हलका झालाय! येका हातानं फिरतो. आडत न्हाई, उसासा न्हाई. निसतं वाईच खरखरतं. पावसात तर मी येक फेरा जास्तीच घालते, ओलीनं बसू नये म्हनून. दोन पावसाळं काढलं असं. गुडघं दुखलं तरी चुकवलं न्हाई. तुझ्या आत्याच्या घरी वास्तुशांतीला गेल्ते तवा रंगूकडनं करून घेतलं, त्येच्यासाठी तिला लुगडं दिलंय.

वरनं वाकळबी शिवून घातलीया, माझ्या सगळ्या जुन्या लुगड्यांची. गारठ्यात उघडं कशाला ठिवायचं?

साहेबबी जाताना म्हनले, "आजी, तुम्ही नसता फिरवला तर..." आन थांबलेच. चष्मा पुसाय लागले. न्हाईतर बसलं असतं, असंच म्हनायचं असंल. मी म्हटलं, आवं साहेब, त्यात काय येवढं, घरचंच हाय.

आता निकाल आपल्याच बाजूनं लागनार. तुझी ती पांढरी कापडं इस्त्री करून ठिवाय सांग अंकिताला.

तुझी आजी


१८ ऑगस्ट २०२५

प्रिय राजवर्धन यांस,

स. न.

हे मी फोनवर सांगू शकलो असतो. भार्गवी म्हणाली, लिहा. फोनवर तुम्ही "ठीक आहे सर" म्हणून ठेवून द्याल, आणि मग आम्ही काय बोललो ते तुम्हालाही आठवणार नाही.

विमानात नाव ठेवायला जागा नाही. एकूण तास कमी आहेत, ते कधी आपटलेलं नाही, कागद पहिल्या दिवसापासून पूर्ण आहेत. वरून घातलेल्या गोधडीमुळे पाठीवरच्या पत्र्याला थोडी ओल धरलीय, पण ते घासून निघेल. इंजिन जसं तुम्ही ठेवलं होतं तसं असतं, तर मी त्याच दिवशी समितीला होकार कळवला असता.

इंजिन गेलं आहे. चारही सिलिंडरच्या भिंतींवर गंज आहे आणि कॅमशाफ्टवर तर खड्डे पडलेत. कारण तुम्हाला सांगायला नको, तरी लिहितो, कारण मलाच ते आधी खरं वाटलं नाही. इंजिन बंद असताना आत तेलाचा जो पातळ पापुद्रा राहतो तेवढाच त्याला आधार. हाताने पंखा फिरवला की पिस्टनच्या रिंगा तो पापुद्रा पुसून नेतात, आणि हाताच्या वेगाने नवं तेल वर चढत नाही. वर आपल्याकडचा पावसाळा. कुणीच हात लावला नसता तर ते बहुतेक वाचलं असतं. पण हात लावू नये म्हणून पंख्याला बांधतात ते लाल फडकंही नव्हतं, आणि आजी म्हणाल्या, त्या रोज फिरवतात.

हे इंजिन पुन्हा उभं करायचं तर बाकीच्या विमानाच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल. समितीने काल दुसरं विमान घ्यायचं ठरवलं. त्याच्याबरोबर त्याची देखभाल करणारा माणूस येतोय. मी तुमच्यासाठी शब्द टाकला, पण आमच्याकडे जागा एकच आहे, तुम्हाला माहीत आहे.

सुटे भाग घेणारी काही माणसं माझ्या ओळखीची आहेत. तुम्ही हो म्हणालात तर पाठवतो. इंजिन सोडून बाकी सगळं कुठल्या ना कुठल्या विमानाला लागेल.

आजींना मी काही बोललो नाही. त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं, आणि माझी भाकरी अर्धीच राहिली. त्यांना सांगायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा.

आपला,
सुमंत


सातारा, ३० ऑगस्ट २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. गणपतीची गडबड होती. मध्ये दोन-तीन दिवस मी जरा पडून होतो, काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

सुमंत साहेबांचं पत्र आलं. त्यांना आता चार माणसांचं विमान हवंय, आपलं दोघांचं. म्हणून जमलं नाही. यात कुणाचा काही दोष नाही. त्यांनी मुद्दाम लिहिलंय, की इतकं स्वच्छ ठेवलेलं विमान त्यांनी पाहिलं नव्हतं. ते वाक्य तुझं आहे.

नोकरीचं म्हणशील तर तेही बरंच झालं. इतक्या लांब, घरचं कुणी नाही, मध्येच मला काही झालं तर त्यांनी काय करायचं? मी इथंच बरा आहे. रोज सकाळी डोंगराजवळच्या चार भिंती स्मारकापर्यंत चालत जाऊन येतो. तू म्हणतेस तसा बसून राहत नाही.

आता दुसरी माणसं विमान बघायला येतील. त्यांना काय हवं ते दाखव. काही काढून बघतो म्हणाले तर काढू दे. काही नेतो म्हणाले तरी नेऊ दे. वाद घालू नकोस, आणि जेवल्याशिवाय पाठवणार नाहीस हे मला माहीत आहे.

आणि पंखा फिरवत जा. आता फिरवलास तरी चालेल.

तुझा, राजवर्धन


कुंडल, २५ सप्टेंबर २०२५

राजू बाळा,

ह्या बारीला रंगूच्याबी आधी आलं ते कुत्रं, त्येच्या मागनं ट्रक बघाय म्हनून सगळी आळी, आन रंगू सगळ्यात शेवटाला. तिला लय लागलं ते. म्हनली, "मने, मला सांगायचं न्हाईस?" म्हटलं मलाच कुठं ठावं हुतं. घटाला पानी घालत हुते, तवर दारात हॉर्न. ट्रक मोकळाच हुता, निसता वाट बघाय आणल्याला, शेडापत्तूर येतोय का न्हाई म्हनून. आला. कडंचा लिंबारा वाईच खरवडला, तेवढंच.

तिघं हुते. मुकादम म्हंजी साईराज नावाचा पोरगा, कानात बाळी, तोंडात मावा. पर बोलायला मऊ. त्येनं काय बूट काढलं न्हाईत. म्हटलं असू दे, धंद्याची मानसं.

आन काय सांगू राजू, सुमंत साहेबानं जीव लावून लावून इंजिन तेवढं बघितलं हुतं. ह्यास्नी सगळंच आवडलं! चाकं बघितली, चांगली हायेत म्हनले. काचा चांगल्या. आतली ती घड्याळं, सुया असल्याली, ती तर येक येक पुसून बघितली. सीटाबी नेनार. पंखा फिरवून बघितला न्हाई, निसता मापला, म्हनला ह्यो बी जाईल. पाचटावरचं पंख चौघांनी उचलून बघितलं, त्यात दोघं आळीतलं. मग खडूनं सगळ्यावर आकडं घातलं. बेंदराला बैलावर हुरमुंजीचं ठसं उमटवत्यात बग, तसं नटलंय आता. रंगू म्हनली, नवरीवानी दिसतंय.

इंजिनावर आकडा घातला न्हाई. मी म्हटलं, आरं पोरा, ह्ये इसरलास. तर म्हनला, "त्येचं मागनं बघू आजी. तवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

मी इचारलं त्येला. म्हटलं, उडवनार न्हवं रं? तर हसला. म्हनला, "उडंल की आजी. चाक येकीकडं, घड्याळ दुसरीकडं, काच तिसरीकडं. येकाच जागी कशाला, धा ठिकानी उडंल." आळीतली सगळी हसली. मीबी हसले. खोटं न्हाई बोललं पोरगं.

अंकिता गौरीच्या हळदीकुकवाला तुझं पत्र घिऊन आल्ती. लेकरू बारीक झालंय. म्हनली, दादा खोलीच्या भाईर येत न्हाई. चार भिंती म्हंजी डोंगराजवळच्या न्हाईत, खोलीच्या. तीन दिस तू दवाखान्यात हुतास तेबी सांगितलं. मी तुला रागं भरत न्हाई. लिवताना मानूस असंच लिवतं. मीबी तुला गुडघ्याचं सगळं कुठं लिवते?

आन तू लिवलंस, आता फिरवलास तरी चालंल. ती वळ मी लयदा वाचली. शाळा चौथीपत्तूर झालीया माझी, पर वाचाय येतं. रंगूला म्हटलं, रंगे, ह्यो 'आता' का लिवला असंल गं ह्येनं? ती म्हनली, आता म्हंजी आता, त्यात काय. मी पत्राची घडी केली. अंकितालाबी इचारलं, इंजिनाला काय झालंय. ती म्हनली, ओल लागली आजी, दादा म्हनला ओलीनं झालं. मी म्हटलं बरं.

तवापासनं शेडात जाते, दिवा लावते, पर हात न्हाई लावला. तुझं लाल फडकं खंडोबाच्या मागनं काढलं आन परत बांधलं पंख्याला, जिथं हुतं तिथंच. गाठ काय तुझ्यासारखी बसली न्हाई. वाकळ काढून उन्हात टाकलीया. लय ओली हुती आतनं, जड. दोन दिस वाळली न्हाई. सकाळी हात शिवशिवत्यात रे. सवय. मग रंगूकडं जाऊन तिचं ताक घुसळून देते. तिला वाटतंय माझं प्रेम उतू चाललंय. वाटू दे.

भार्गवीचं कार्ड आलंय. लगीन न्हाई, तास भरल्यालं कळवलंय. लिवलंय, ज्या विमानात पहिल्यांदा उडाले त्येच्या आजीला नमस्कार. मी देव्हाऱ्यात ठिवलंय, फडक्याची जागा मोकळीच हुती.

तुला लसूण, शेंगा आन हुलग्याचं पीठ तवा अंकितासंगं दिल्तं, ते खा. आन घराभाईर पड. लांब नगं. दारापत्तूर. मग रस्त्यापत्तूर. अंकिताचा हात धरून. तुला फिरवाय मी हात न्हाई लावनार, तुझं तूच फिरायचं.

खंडेनवमीला जमलं तर ये. बुधवारी हाय. पूजा मांडनार मी, विळा, खुरपी, पंप, आन ते, सगळं संगं. ते अजून आख्खं हाय. पंख शेजारी निजल्यालं, पर आख्खं. हळदीकुकवाचं बोट तू लाव.

साईराज खंडेनवमीलाच येतो म्हनत हुता. म्हटलं, आरं येडा का खुळा, त्या दिशी कुनी लोखंडाला पाना लावतं व्हय? त्या दिशी पुजत्यात, सोडत न्हाईत. पोरगं शानं, ऐकलं. आन दसऱ्याला नगं म्हटलं, सोनं वाटू द्या गावाला. म्हनला बरं. सगळं सामान घिऊन, मानसं घिऊन, मोठा ट्रक घिऊन दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी, शुक्कारी, तीन तारखंला सकाळी येतो म्हनून गेल्यात.

तुझी आजी, मनुबाई